जादा एकोणसत्तर किलो

१

पिवळी बस मंगळवारी सकाळी तपासणीच्या काट्यावर चढली आणि एकोणसत्तर किलोंनी नापास झाली.

नापास झाल्याचं बसला काही वाटलं नसावं. ती मुळात बेल्जियममधल्या एका शाळेची बस होती, तिने नापास झालेले पुष्कळ पाहिले असणार. प्रश्न एवढाच होता की हे एकोणसत्तर किलो आले कुठून. ऑक्टोबरात याच बसचं वजन तीन हजार एकशे बारा भरलं होतं, तेही पलंग, शेगडी, टेबल, कपाट असं सगळं बसवून झाल्यावर. तेव्हापासून ती फेल्डहोवनबाहेर एका शेतकऱ्याच्या शेडमध्ये कुलपात उभी होती. आत काही वाढलं नव्हतं. उलट फेब्रुवारीत त्या घरातलं एक माणूस कमी झालं होतं.

बस मीनलची. शाळेच्या बसचं फिरतं घर करायचं ही कल्पना तिची आणि नोंदणीच्या कागदावर नावही तिचंच. सोळा बाकं काढून टाकायला तिला आणि नवऱ्याला, श्रीकांतला, एक उन्हाळा लागला आणि घर बसवायला दुसरा. नोव्हेंबरात तिच्या पोटात दुखायला लागलं. नंतरचं सगळं फार भराभर झालं. ती गेल्यावर बस श्रीकांतच्या नावावर करायला मृत्यूचा दाखला, वारसाचा दाखला आणि गाडीच्या नोंदणीचा नऊ आकडी कोड लागणार होता. कोड मीनलने सुरक्षित जागी ठेवला होता, त्यामुळे तो कुणालाच सापडेना. शेवटी तो मसाल्याच्या डब्यात धण्याच्या वाटीखाली निघाला.

मालक बदलला, पण कागदावर बस अजून शाळेचीच होती. विमावाल्यांनी बजावलं होतं की तीस एप्रिलपर्यंत ती फिरतं घर म्हणून नोंदवून आणा, नाहीतर विमा संपला. विमा नाही तर रस्ता नाही. शेडची मुदतही तीसलाच संपत होती. म्हणजे एक मेला बसला ना रस्ता असणार होता ना छप्पर, आणि अशा गाड्या भंगारात जातात. नोंदणीची अट वजनाची होती. साध्या कारच्या लायसनवर चालवायची तर रिकामी बस तीन हजार एकशे पंचवीसच्या वर जाता कामा नये. ती भरली तीन हजार एकशे एक्क्याऐंशी. फेरतपासणीची तारीख मिळाली एकोणतीस एप्रिल, बुधवार.

मंगळवारीच दुपारी सलोनीने युट्रेख्टला निहारला फोन केला. सलोनी मीनलची मुलगी, डेल्फ्टला शिकणारी. निहार मीनलच्या बहिणीचा मुलगा.

"निहारदादा, यू वर्क इन इन्शुरन्स, राइट?"

"मी नुकसानभरपाईच्या फॉर्ममधली कारणांची यादी सांभाळतो. त्रेचाळीस कारणं आहेत. शेवटचं 'इतर', ते मी स्वतः टाकलंय."

"क्लोज इनफ. समबडी पुट समथिंग इन आई'ज बस. अँड बाबा... ही डिडन्ट ईव्हन आर्ग्यू. इन्स्पेक्टर सेड सिक्स्टी-नाइन किलोज, बाबा सेड ओके."

निहार खुर्चीत सरळ बसला. श्रीकांतकाका कॉम्प्युटरच्या चिपा बनवायच्या यंत्रांमधली मापं तपासतात. त्यांच्या आयुष्याचं एकक नॅनोमीटर आहे. एकदा कुठेतरी तीन नॅनोमीटरचा हिशोब लागेना, तेव्हा ते सलोनीच्या वाढदिवसाला केक कापायच्या आधी उठून गेले होते.

"काका ओके म्हणाले?"

"देन ही एट अ सँडविच."

"किल्ल्या कुणाकडे आहेत?"

"बाबा, जयंतीमावशी, अँड वाउटर, शेडवाला."

"आणि तुझ्याकडे?"

"आय डोन्ट वॉन्ट वन," सलोनी म्हणाली आणि तिने फोन ठेवला.

सलोनीला मराठी सगळं समजतं, पण ती बोलत नाही. तिला मराठीत बोलताना त्याने शेवटचं ऐकलं होतं ते फेब्रुवारीत, आईच्या कानाशी.

२

शनिवारी तो शेडवर पोचला तेव्हा काका बसमध्ये घावनं घालत होते.

मीनलमावशीच्या अंत्यविधीनंतर निहार इकडे फिरकला नव्हता. तिथे पंचेचाळीस मिनिटांची वेळ मिळाली होती, मग कॉफी, मग पुढचं कुटुंब दारात उभं. त्यानंतर काकांशी काय बोलायचं ते त्याला सुचलं नव्हतं. गुन्हा घडला म्हणून निदान यायला कारण तरी मिळालं.

"ये. जोडे काढून ये. बस."

निहार सवयीने पुढच्या खुर्चीकडे गेला. ड्रायव्हर डावीकडे बसतो, त्याच्या शेजारची ही उजवीकडची खुर्ची गर्रकन मागे फिरवली की माणूस थेट शेगडीसमोर येतो. ऑक्टोबरात तो आला होता तेव्हा मावशी याच खुर्चीवरून हुकूम सोडत होती. आच कमी कर, मीठ बघ, पहिलं वाकडं झालेलं मला दे. मध्येच ती चटणी काढायला उठली होती. नेमकं तेव्हाचं घावन तव्यावर डावीकडे पळालं, आणि काका तिच्यावर खेकसले होते, "जागेवर बस ना गं."

निहार खुर्चीत जेमतेम टेकला.

"तिथे नको," काका म्हणाले.

"का?"

"फिरते ती."

"फिरायलाच तर बसवलीय."

पण काका त्याच्याकडे बघत नव्हते. शेगडीवरच्या फळीला गवंड्याकडे असते तसली छोटी पाणसळ चिकटवलेली होती, काका तिच्याकडे बघत होते. तिच्यातला बुडबुडा मधल्या रेघांमधून निसटला होता. निहार उठला आणि मागच्या बाकावर जाऊन बसला. बुडबुडा परत मधोमध आला. काकांचे खांदे खाली आले.

घावन आलं. कंपासने काढावं तसं गोल, सगळीकडून एकाच जाडीचं.

"काका, ते एकोणसत्तर किलो..."

"काटा चुकला असेल."

"दोन काट्यांवर केलं म्हणे त्यांनी."

"मग दोन्ही चुकले असतील. अजून एक घे."

निहारने घेतलं. ज्या माणसाने जन्मभर काट्याची बाजू घेतली, तो आज काट्याला चोर ठरवत होता. हे फॉर्ममध्ये कुठल्या कारणाखाली टाकायचं, त्याला कळेना.

"बसची फाइल बघू का?"

"बघ की," काका म्हणाले. "सगळं लिहिलंय त्यात."

३

वाउटर शेडच्या मागे शेतात होता. एप्रिल म्हणजे पांढऱ्या अ‍ॅस्पॅरॅगसचा हंगाम. मातीच्या लांबच लांब वरंब्यांखाली ते कोंब उजेड न बघता वाढतात, आणि वाउटरही बोलताना उजेड फार पाडत नाही.

"तुझी मावशी मेली त्याचं मला वाईट वाटतं," तो इंग्रजीत म्हणाला. "एक तारखेला माझं भाजी निवडायचं मशीन येणार. शेड रिकामी पाहिजे."

"बसमध्ये जड काही ठेवलंत का तुम्ही?"

"ती बस गेली तर मला जागा मिळते. जड करून मी तिला इथेच का अडकवीन?"

निहारने वहीत 'वाउटर' लिहून खोडलं. तेवढ्यात वाउटर स्वतःहूनच म्हणाला, "काटा मात्र तुझ्या काकाने नेला होता."

"कसला काटा?"

"क्रेट तोलायचा. मार्चमध्ये. एक दिवस पाहिजे म्हणाला, चार दिवस ठेवला. परत आणला तेव्हा सांगतो, हा चाळीस ग्रॅम चुकतो. मी म्हटलं, भाजी आहे, चालतं. नाही म्हणाला. दुरुस्त करूनच दिला." वाउटरने हातांची माती झटकली. "आत काय कापत होता कुणास ठाऊक. चार दिवस लोखंड कापल्याचा आवाज येत होता."

४

जयंती आइंडहोवनला राहते. मीनलची जुनी मैत्रीण, दोघी मंडळाच्या गणपतीत एकमेकींच्या मोदकांना नावं ठेवणाऱ्या. निहारने जोडे काढायच्या आत तिने कबुली देऊन टाकली.

"मीच ठेवलंय रे. पलंगाखाली, अगदी मागच्या कप्प्यात."

"काय ठेवलंत?"

"भाजणी, मेतकूट, आमसुलं, कुळथाचं पीठ. आणि मीनलचा दगडी खलबत्ता."

"एकोणसत्तर किलो?"

"वेडा आहेस का? अकरा. मी स्वतः मोजून ठेवलंय, श्रीकांत ग्रॅमचा हिशोब मागतो म्हणून." ती सोफ्याच्या कडेवर बसली. "जायच्या आधी आठ दिवस मीनल मला म्हणाली, त्याला एक घावन सोडून काही येत नाही. बसमध्ये चार डबे ठेव, पण त्याला सांगू नकोस, वजन वाढलं म्हणून काढून टाकेल. म्हणून गुपचूप ठेवले. ती मोठी सहल होणार होती ना, उत्तरेला, तो सूर्य मावळत नाही तिथवर." तिने ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं. "माझ्यामुळे नापास झाली का रे बस?"

निहारने मनात गणित केलं. तीन हजार एकशे बारा अधिक अकरा.

"नाही मावशी. तुमच्या डब्यांसकट पास झाली असती. वर दोन किलो उरले असते."

"मग ठेवू ना ते तसेच?"

"ठेवा."

जयंतीने डोळे पुसले आणि त्याच्यासाठीही एक डबा भरायला घेतला. निहारने वहीत एकोणसत्तरमधून अकरा वजा केले. उरलेल्या आकड्याखाली त्याने दोन रेघा मारल्या, कारण तो आकडा आज सकाळीच आपण कुठेतरी पाहिलाय असं त्याला वाटायला लागलं होतं.

५

रविवारी सकाळी काका सायकल घेऊन दूध आणायला गेले, तेव्हा निहारने फाइल पुन्हा उघडली.

पहिला कागद तपासणीचा. त्यावर पुढच्या चाकांवरचं आणि मागच्या चाकांवरचं वजन वेगवेगळं लिहिलेलं. ऑक्टोबरच्या पावतीशी ताडून पाहिलं तर पुढे छप्पन्न किलो वाढले होते, मागे तेरा. मागच्या तेरातले अकरा जयंतीच्या डब्यांचे. उरले पुढचे छप्पन्न आणि मागचे दोन. म्हणजे ही एकच वस्तू असेल, तर ती जवळजवळ पुढच्या चाकांच्या वर होती, फार तर वीतभर मागे. तिथे शेगडी नाही, पलंग नाही, कपाट नाही. तिथे फक्त दोन खुर्च्या आहेत.

दोनांतली कुठली, ते पाणसळीने सांगितलं. पाण्याची टाकी आणि बॅटऱ्या डावीकडे असल्याने ही बस मुळात डावीकडे झुकते. मावशी चटणी काढायला उठली आणि घावन डावीकडे पळालं, ते त्यामुळे. आता मात्र त्या खुर्चीत कुणीच बसत नाही, तरी बुडबुडा मधोमध राहतो आणि घावन गोल होतं.

दुसरा कागद काकांच्या अक्षरातला, बसमधल्या प्रत्येक वस्तूचं वजन. किटली, ६४० ग्रॅम. टूथब्रश, दांडे कापून, तिन्ही मिळून ३१ ग्रॅम. सगळ्यात खाली माणसं. श्रीकांत ८१.०. सलोनी ६१.५. तिसरी ओळ मावशीच्या अक्षरात होती, मीनल ५६. त्यावर काकांनी काट मारून शेजारी लिहिलं होतं, '५८.०. दोनदा मोजलं.'

निहारने फाइल मिटली. आयुष्यात पहिल्यांदाच त्याने एक गुन्हा सोडवला होता आणि त्याला तो परत न सुटलेला करून ठेवावासा वाटत होता.

त्याने सलोनीला मेसेज केला. दुपारपर्यंत ये, बसमध्ये.

६

अशा वेळी सगळ्या संशयितांना दिवाणखान्यात जमवायची पद्धत आहे. इथला दिवाणखाना पावणेदोन मीटर रुंद होता. काका शेगडीपाशी उभे होते, सलोनी दारातल्या पायरीवर, अर्धी आत नि अर्धी बाहेर. मधल्या टेबलापाशी बसलेल्या निहारला कुठून सुरुवात करावी कळेना, म्हणून त्याने शेवटापासून केली.

"काका, खुर्चीखाली अठ्ठावन्न किलो आहेत."

काकांनी शेगडी बंद केली.

"मंगळवारी तुम्ही भांडला नाहीत, कारण तुम्हाला उत्तर माहीत होतं. काटा बरोबर आहे हे तुमच्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं."

काकांनी खणातून पाना काढला आणि ते गुडघ्यांवर बसले. खुर्चीखालच्या पेटीचे चार बोल्ट त्यांनी सोडवले, प्रत्येक बोल्ट फडक्यावर ओळीत ठेवला आणि झाकण काढलं. आत पोलादाच्या सहा पाट्या होत्या, कडा घासून गुळगुळीत केलेल्या, खडखडू नयेत म्हणून मध्ये लोकरीचं कापड घातलेल्या.

"बाबा, व्हॉट इज धिस?"

"आमच्याकडे मशीन जोडतात ना," काका पाट्यांशीच बोलल्यासारखं म्हणाले, "तेव्हा एखादा भाग वेळेवर येत नाही. मग त्याच्या जागी तेवढ्याच वजनाचं लोखंड बसवतात. नाहीतर बाकीचं सगळं एका बाजूला कलतं. रोजचीच पद्धत आहे. त्यात विशेष काही नाही."

काकांनी पाट्यांमधलं कापड सारखं केलं.

"ती गेल्यावर इथे आलो. घरात करायला काही नव्हतं म्हणून घावन घातलं. ते डावीकडे पळालं. दुसरं घातलं, तेही. रोज येत होतो. दहा दिवस बघितलं मी ते डावीकडे पळताना." त्यांनी वरच्या पाटीवरून अंगठा फिरवला. "स्प्रिंगा बदलता आल्या असत्या. टाकी हलवता आली असती. पण मग बस तिच्याशिवाय सरळ उभी राहिली असती."

निहारला आता त्या पाटीवरचा स्टिकर दिसला. कंपनीतला छापील पिवळा स्टिकर, काकांनी सवयीनेच लावलेला. वर इंग्रजीत छापलं होतं, 'तात्पुरते वजन'. 'भाग' या शब्दापुढे पेनाने 'मीनल' लिहिलं होतं. आणि खाली पुन्हा छापील सूचना, 'खरा भाग आल्यावर काढून टाकणे'.

सलोनीने ते वाचलं. ती पायरीवरून आत आली.

"शेवटी एकोणचाळीस होती ती," काका म्हणाले. "हॉस्पिटलच्या काट्यावर. मी अठ्ठावन्नचं केलं."

बाहेर वाउटरचा ट्रॅक्टर सुरू झाला आणि लांब गेला. निहारकडे एक तोडगा होता. आपल्या नोकरीतून कुणाचं भलं होण्याची ही पहिलीच संधी आहे असं त्याला सकाळपासून वाटत होतं.

"काका, बोल्ट लावलेलं वजन गाडीचं धरतात. बुधवारी पाट्या काढा, बस तोलून घ्या, मग परत खुर्चीवर ठेवा. फक्त बोल्ट लावू नका, पट्ट्याने बांधा. पट्ट्याने बांधलं की ते सामान. कायद्यात बसतं."

काकांनी विचार केला. खरोखर केला, त्यांचे ओठ हिशोब करताना हलतात तसे हलले.

"नको," ते म्हणाले. "सामान म्हणून नाही नेणार तिला."

७

बुधवारी बस भरली तीन हजार एकशे तेवीस. तपासनिसाने पलंग दाबून पाहिला, शेगडी पेटवून पाहिली, टेबल हलवून पाहिलं. कागदावर लिहिलं, फिरतं घर, आसनं चार. नवं नोंदणीकार्ड आठवड्यात पोस्टाने येणार होतं. मागच्या दारावरचं दोन मुलांचं चित्र काढायला लागेल, असं तो म्हणाला, कारण ही आता शाळेची बस नाही.

विम्याचा फोन निहारने बाहेर उभं राहून लावला. पलीकडच्या बाईने मुख्य ड्रायव्हर कोण विचारलं, सलोनी. गॅसचा दाखला विचारला, आहे. मग तिने विचारलं, गाडीत नेहमी किती जण असतील? निहारने फोनवर हात ठेवून काकांकडे पाहिलं.

काका चार आसनं लिहिलेल्या कागदाची घडी घालत होते. ती त्यांनी तीनदा घातली.

"दोन," ते म्हणाले.

सलोनीने बस कालव्याकाठच्या वाहनतळावर नेऊन उभी केली. बसमध्ये शिरताना तिने वडिलांकडून किल्ली मागून घेतली होती, शब्द न बोलता, नुसता तळहात पुढे करून. पाट्या वाउटरच्या शेडमध्ये राहिल्या होत्या. निवडायच्या मशीनचा एक पाय उंचावर राहतो, तिथे चालतील, असं वाउटर म्हणाला होता. आणि काकांनी, का कोण जाणे, त्यातली स्टिकरवाली पाटी तेवढी सगळ्यात खाली ठेवायला सांगितली होती.

काकांनी पीठ भिजवलं. पाणसळीतला बुडबुडा डावीकडे होता. त्यांनी तवा ठेवला आणि तव्याकडे बघत नुसतेच उभे राहिले.

सलोनी ड्रायव्हरच्या जागेवरून उठली. शेजारच्या खुर्चीपाशी थांबली. मग बसली, आणि पाय टेकून तिने खुर्ची गर्रकन मागे फिरवली. बुडबुडा हलला, मधल्या रेघा ओलांडून किंचित उजवीकडे जाऊन थांबला.

"साडेतीन किलो जास्त," काका म्हणाले.

"सॉरी," सलोनी म्हणाली.

"नाही, नाही. तसं नाही."

त्यांनी घावन घातलं. ते उजवीकडे पळालं. एका बाजूला जाड, एका बाजूला जाळी, आकार कुठल्यातरी न ओळखू येणाऱ्या देशाच्या नकाशाचा. काकांनी ते उलथन्यावर घेतलं आणि हात सवयीने खुर्चीकडे गेला, कारण पहिलं वाकडं घावन नेहमी त्या खुर्चीचं असायचं. अर्ध्या वाटेत त्यांना ते कळलं. हात तिथेच थांबला.

सलोनीने पुढे वाकून घावन बोटांनी उचललं. गरम होतं, तरी सोडलं नाही. एक घास खाल्ला.

"बाबा," ती म्हणाली, "मीठ बघ."

काकांनी पाणसळीकडे पाहिलं नाही. ते खणांमध्ये मिठाचा डबा शोधायला लागले, आणि समोरच्याच खणात असलेला तो डबा त्यांना बराच वेळ सापडला नाही.